तीन फुटी नळकांडं

कावळा काही येईना.

चैत्रातलं ऊन होतं. नीरेच्या काठावरचे दगड असे तापले होते की अनवाणी माणसं एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होती. पिंडाचा भात वाळून खडखडीत झाला होता. अभिमन्यूचा दहावा होता. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, सोलापूरच्या एका सूतगिरणीत स्टोअर सांभाळायचा. एका गुरुवारी सकाळी अर्धा चहा टेबलावर तसाच ठेवून खुर्चीतल्या खुर्चीत गेला. त्याची कोणती इच्छा मागं राहिली असेल, ते ओळखायला वेळापूरची निम्मी भावकी काठावर जमली होती. जिवंतपणी ह्यातल्या कुणी त्याला 'बाबा, तुला काय हवंय' असं विचारल्याचं ऐकिवात नाही. पण माणूस एकदा गेला की त्याच्या मनातलं ओळखायचा लोकांना भारी हुरूप येतो.

कावळा समोरच्या बाभळीवर बसला होता. त्याला घाई नव्हती.

धाकटा भाऊ सयाजी हात जोडून म्हणाला, "दादा, आईची काळजी करू नगंस. मी हाय." कावळ्यानं पंख झाडले आणि तिथंच बसला. एका चुलत्यानं गावच्या शाळेला अभिमन्यूच्या नावानं पंखा देतो म्हणून सांगितलं. कावळा ढिम्म. मग पुन्हा सयाजी पुढं झाला. "वहिनीला अंतर देणार न्हाय. रानाच्या उताऱ्यावर तिचं नाव लावतो." सगळ्यांनी बाभळीकडं पाहिलं. कावळ्यानं मान फिरवून नदीकडं तोंड केलं. उताऱ्याच्या बाबतीत दोघाचौघांना त्यामुळं जरा हायसंच वाटलं असेल, पण तसं कुणी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"वैष्णवी, तू बोल की," सासू बजाबाई म्हणाली.

वैष्णवी ही अभिमन्यूची बायको. बारा वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. तिनं हात जोडले. मनात एवढंच विचारलं, रागावून गेलात का हो? कावळा हलला नाही.

शेवटी सयाजीचे पाय भाजले की त्याचा धीर सुटला, कोण जाणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "दादा, तुझी ती धुराची शेगडी ऱ्हायली न्हवं? ती मी पुरी करतो! आन् तिच्यावर मटण करून समद्यास्नी खाऊ घालतो. मग तर झालं?"

आणि कावळा आला. सरळ खाली उतरला, पिंडाला चोच लावली, घास उचलून निघून गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं एखादा शहाणा म्हणेल. पण दहाव्याच्या काठावर शहाणी माणसं उभी नसतात, भावकी उभी असते. कुणी रडता रडता हसलं, कुणी हसता हसता रडलं. मागच्या बायकांतली एक जण दुसरीला म्हणाली, "बायकूत न्हाय बघ, शेगडीत जीव आडकला हुता." ती हळू बोलली, पण काठावर वारा नव्हता. वैष्णवीला ते नीट ऐकू आलं. तिला काही वाटलं नाही. गेल्या दहा दिवसांत तिला काहीच वाटत नव्हतं. ती रडली नव्हती. त्यामुळं निम्मे लोक तिला धीराची म्हणत होते आणि निम्मे कोरडी म्हणत होते. दोन्ही तिच्या कानावर येत होतं.

सयाजी पाय पुसत तिच्याजवळ आला. "वहिनी, कुटं हाय ती शेगडी?"

"गच्चीवर," वैष्णवी म्हणाली.

गच्चीवर ती नव्हती. अभिमन्यू गेला त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, तिनं ती स्वतःच्या हातानं भंगारवाल्याला दिली होती.

त्याचं असं झालं. अभिमन्यूला फोनवर व्हिडिओ बघायचा नाद होता. कुठल्या तरी देशातले ढेरपोटे लोक कोळशाच्या मंद आचेवर, झाकणाखाली, नुसत्या धुरात मांस ठेवायचे. चार तास, पाच तास. शेवटी ते हाडावरून आपोआप सुटायचं. अभिमन्यू ते डोळे लावून बघायचा. चुलीवरचं मटण खाल्लं, तव्यावरचं खाल्लं, आता हे नुसत्या धुरावरचं एकदा खायचंच, असं त्यानं मनाशी घेतलं. तयार स्मोकर विकत घ्यायचा तर आपल्या ऐपतीतला नव्हता. म्हणून त्यानं बाजारातून तीन पायांची, परातीएवढी छोटी कोळशाची ग्रिल आणली आणि तिचाच स्मोकर करायला घेतला. गिरणीतून रंगाचं रिकामं पत्र्याचं पिंप आणलं, त्याचं बूड कापलं आणि ते ग्रिलवर उभं केलं. खाली विस्तव, मध्ये पाण्याचं भांडं, वर जाळी, सगळ्यात वर झाकण आणि झाकणाला धूर जायला नळकांडं. रविवारचा रविवार तो गच्चीवर ठोकठोक करत बसायचा. तेवढ्यापुरता तो अगदी लहान दिसायचा.

शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घराला वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढं ही गच्ची. गच्चीवर एका बाजूला स्मोकर आणि दुसऱ्या बाजूला वैष्णवीची दोरी. वैष्णवी घरी शाळेचे गणवेश शिवायची. शिवलेले पांढरे शर्ट धुऊन, वाळवून, इस्त्री करून कारखान्यात द्यायचे. एका रविवारी अभिमन्यूनं पेरूची ओली लाकडं घालून स्मोकर पेटवून बघितला. गच्चीवर पांढरा दाट धूर कोंडला आणि दोरीवरच्या चार डझन शर्टांत जाऊन बसला. सोमवारी कारखान्याच्या माणसानं सगळा गठ्ठा परत आणून टाकला. "ताई, असला शर्ट घालून पोरं शाळेत गेली तर मास्तर बिडी ओढली म्हणून बडवतील." चार डझन शर्ट तिनं पुन्हा धुतले. अभिमन्यू बादल्या उचलायला आला तर तिनं त्याला हात लावू दिला नाही.

मंगळवारी दुपारी गल्लीत भंगारवाल्याची हाक आली. वैष्णवी रागात होती. तिनं पिंप, ग्रिल, झाकण सगळं उचलून खाली नेलं आणि दिलं. संध्याकाळी अभिमन्यू कामावरून आला, गच्चीवर गेला, खाली आला. पायपुसण्यावर उभा राहून त्यानं विचारलं, "आज भंगारवाला आला होता का गं?"

"नाही," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं. तिनं उत्तरं तयार ठेवली होती, एकापेक्षा एक. त्यानं जेवण केलं, बातम्या बघितल्या, झोपला. बुधवारी तासभर उशिरा आला. कुठं होता विचारलं तर म्हणाला, "काम होतं." गुरुवारी डबा घेतला, 'येतो' म्हणाला आणि गेला. ते 'बरं' वैष्णवीच्या डोक्यात खिळा ठोकावा तसं बसलं होतं. ते रागाचं होतं की कशाचं, ते आता कुणाला विचारणार? आणि दहाव्याला हजार वचनं सोडून कावळा आला तो नेमका शेगडीच्या नावावर. भावकीला वाटलं, माणसाची हौस कळली. वैष्णवीला वाटलं, कावळ्यानं तिची चहाडी केली.

तेरावा झाला. सुतकाच्या घरात वशाट चालत नाही. महिना झाला की भावकीतल्या कुणी येऊन त्या घरात मटण करायचं, सगळ्यांनी बसून तोंड वशाट करायचं. मग ते घर पुन्हा खाणारंपिणारं झालं असं धरायचं. सयाजीनं रविवार ठरवला. "मटण मी वेळापुरास्नं आणतो. शेगडीत काय ऱ्हायलं आसंल ते मी सकाळी येऊन करतो. कावळ्याला सांगितलंय, पलटायचं न्हाय."

"तुम्ही नका त्रास घेऊ भावजी," वैष्णवी म्हणाली. "थोडंच राहिलंय. मी करते."

बजाबाई महिनाभर सुनेच्या सोबतीला सोलापुरात राहिली होती. तिनं जुनी शेगडी कधी बघितलेली नव्हती, हे एक बरं होतं. वैष्णवी बाजारात गेली आणि तसलीच तीन पायांची ग्रिल घेऊन आली.

"ही तर नवीच दिसती," बजाबाई म्हणाली.

"घासलीय, आत्या," वैष्णवी म्हणाली. ती सासूला आत्या म्हणायची. हे आणखी एक खोटं. आधीच्यांसारखं हेही तिला सहज जमलं.

पुढं अभिमन्यूची वही होती. शंभर पानी, गिरणीच्या स्टोअरमधली. त्याचं अक्षर ठेंगणं आणि उजवीकडं कललेलं. 'वारा खालून आत, धूर वरून बाहेर.' 'ग्रिलचा रंग आधी जाळून काढणे, नाहीतर मटणाला वास.' 'जस्ताचा पत्रा नको, तापला की विषारी.' 'पांढरा धूर वाईट. निळसर, पातळ धूर चांगला.' 'नळकांडं ६ इंच. गुरुसिद्धप्पा.' वैष्णवीनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वही दोनदा वाचली. स्मोकरची मापं तिला पहिल्या वाचनातच कळली होती. दुसऱ्या वेळेला ती दुसरंच काही शोधत होती. पण तिचं नाव वहीत कुठं नव्हतं. नुसते इंच आणि बाण.

मग तिनं कामाला हात घातला. मापानं कापणं आणि मापानं जोडणं हा तर तिचा धंदाच. कापड काय, पत्रा काय. ग्रिलमध्ये कोळसे पेटवून तिनं रंग पापुद्रे सुटेपर्यंत जाळला. पॉलिश पेपरनं घासला. अभिमन्यूच्या ड्रिल मशीननं बुडाला चार भोकं पाडली. त्यांच्यावर पत्र्याची एक पट्टी एकाच बोल्टवर अशी बसवली की ती सरकवून वारा कमीजास्त करता यावा. सगळं आतून शेंगतेल लावून पुन्हा तापवलं. ह्या सगळ्यात कधीतरी तिची तर्जनी तापल्या पत्र्याला लागली. ते तिला संध्याकाळी मशीनवर बसल्यावर कळलं, दोरा फोडाला चिकटला तेव्हा. तिनं बोटाकडं बघितलं. दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं ते दिसत होतं. तिनं त्याला चिंधी गुंडाळली आणि कॉलर पुरी केली.

पिंप मात्र मिळेना. रंगाच्या दुकानात आता सगळ्या प्लास्टिकच्या बादल्या. गिरणीत जाऊन मागणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिथं ती खुर्ची होती. तिनं घरातलं एक एक भांडं इंचपट्टीनं मोजलं. ग्रिलवर बारा इंच तोंडाचं काहीतरी बसायला हवं होतं. बारा इंच फक्त एकच निघाली, ज्वारीची स्टीलची कोठी. लग्नातली. पोटावर नाव घातलेलं होतं, 'चि. सौ. कां. वैष्णवी हिस, आईवडिलांकडून, माळशिरस'.

तिनं ज्वारी पोत्यात ओतली, कोठीला जाळी टेकायला चार भोकं पाडली आणि चार बोल्ट घातले.

बजाबाई दारात बसून बघत होती. "आगं, कोठी गं ती तुझी."

"असू दे."

"आईबापाचं नाव हाय."

"माझं नाव आहे," वैष्णवी म्हणाली. बजाबाईचाही मुलगा गेला होता. ती महिनाभर रोज पहाटे एकदा मोकळेपणी रडून घ्यायची आणि मग चहा प्यायची. सुनेचं काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, आणि शेगडी पुरी झाल्यावर कळेल अशी तिची समजूत होती.

बूड कापायचं आणि नळकांडं बसवायचं एवढं राहिलं. त्याला पत्र्याचं काम करणारा माणूस हवा. वहीत नाव होतंच. शुक्रवारी वैष्णवी कोठी रिक्षात घालून दोन पेठा पलीकडं गुरुसिद्धप्पाच्या दुकानात गेली. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, समोर पत्र्याच्या चाळण्या, नरसाळी आणि पाखडायची सुपं. साठीचा माणूस. त्यानं कोठी हातात घेतली, फिरवली, नाव वाचलं.

"ह्याचं बूड कापू म्हणता?"

"हो. आणि झाकणाला सहा इंची नळकांडं."

"कशाला हो अक्का?"

"मटण धुरवायला."

गुरुसिद्धप्पानं डोळे मिटून घेतले. "आमी मटणाला शिवत नाही. पत्र्याला काय जात नसतंय, ते करतो की. पण हे नाही कापणार. नाव घातलंय. माहेरचं दिसतंय. उद्या तुम्हीच रडत याल."

"नाही रडणार," वैष्णवी म्हणाली. "कापा." आणि तिनं वहीचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं.

त्यानं चष्मा लावला. पानाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "हे गिरणीतल्या साहेबांचं अक्षर. तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको."

"मग दुसरं कशाला करताय? त्यांचं तयार होऊन पडलंय की. महिना होऊन गेला."

तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि एक एक वस्तू खाली देऊ लागला. आधी ग्रिल. एका पायाला तांब्याची तार गुंडाळलेली, अभिमन्यूनं गुंडाळलेली. मग ते रंगाचं पिंप. मग झाकण. आणि झाकणाला नळकांडं, चांगलं तीन फुटी, वर कोपरासारखा बाक दिलेलं.

वैष्णवी ते बघत उभी राहिली. "हे सहा इंचाचं होतं," ती म्हणाली.

"मीबी तेच म्हणालो. बुधवारी संध्याकाळी आले, स्कूटरवर बांधून. म्हणाले, काल चुकून भंगारात गेलं होतं, आज सोडवून आणलं. म्हटलं, भंगारात कसं गेलं? हसले." गुरुसिद्धप्पानं पिंपावरची धूळ फडक्यानं पुसली. "म्हणाले, बायकोचं शिवणकाम आहे. पांढऱ्या कापडाला धूर लागला, तिचं सगळं काम परत आलं. चूक माझी आहे. आता नळकांडं तीन फुटी करा, वर बाक द्या, धूर गल्लीच्या वरनं गेला पाहिजे. तिच्या दोरीकडं एक फुंकरसुद्धा येता कामा नये."

"रागात होते का?"

"कोण? साहेब?"

"रागात होते का ते?" तिनं पुन्हा विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"राग कसला अक्का. मलाच बजावलं, घरचं कोण आलं तर भंगारातनं आणलं म्हणून बोलू नका. म्हणाले, ती नाही म्हणालीय, आता तिचं तोंड पडंल. नवीन केलंय म्हणून सांगतो." तो थांबला. "शनिवारी नेतो म्हणाले होते. आलेच नाहीत. मला वाटलं, तुम्हीच परवानगी दिली नाही."

"ते गुरुवारी वारले," वैष्णवी म्हणाली.

गुरुसिद्धप्पा खाली बसला. "शिवा शिवा," म्हणाला. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. वैष्णवीनं मजुरी किती झाली विचारलं. त्यानं नुसती मान हलवली. त्यानं सगळं रिक्षात ठेवून दिलं, नळकांडं तिच्या मांडीवर आडवं दिलं. कोठी तिच्या पायाशी. घरी येईपर्यंत ती त्या नळकांड्याच्या सांध्यावरून बोट फिरवत होती, फोड आलेलं. काम चांगलं होतं. रडू तिला तेव्हाही आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी महिनाभर ती दोन पेठा पलीकडं असलेल्या उत्तरासाठी घरात पत्रा घासत बसली होती.

रविवारी सकाळी सयाजी मटण घेऊन आला. पिशवी खाली ठेवून तो गच्चीवर गेला आणि स्मोकरभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"वहिनी, वचन म्या दिलं आन् केलं समदं तुमीच की. आन् हे नळकांडं एवढं लांबडं कशाला? कारखान्याचं धुराडं दिसतंय."

वैष्णवीनं वहीत लिहिलं होतं तसे कोळसे कडेकडेनं अर्ध्या वर्तुळात मांडले आणि एकाच टोकाला पेटवले, म्हणजे विस्तव हळूहळू पुढं सरकत जातो. पाण्याचं भांडं ठेवलं. पेरूची लाकडं, ह्या वेळी वाळलेली. मीठ, हळद, लसूण लावलेलं मटण जाळीवर मांडून झाकण लावलं. नळकांड्याचा बाक गल्लीकडं वळवला. आधी पांढरा धूर आला. अभिमन्यूच्या ह्या ग्रिललाही खाली तसलीच पट्टी होती, ती तिनं जरा सरकवली. थोड्या वेळानं धूर निळसर झाला, दिसेल न दिसेल असा, आणि गल्लीच्या वरून निघून गेला.

मग ती आत गेली आणि धुतलेल्या शर्टांची बादली घेऊन आली. दोन डझन पांढरे शर्ट. एक एक झटकून ती दोरीवर घालू लागली.

"आगं, आजच?" बजाबाई म्हणाली. "धूर लागंल की."

"आजच, आत्या."

शेवटचा चिमटा लावून ती वळली आणि सासूसमोर उभी राहिली. "आत्या, ही शेगडी मी भंगारात घातली होती. ते जायच्या दोन दिवस आधी. त्यांनी विचारलं तर मी नाही म्हणाले. नंतर ते तिकडनं सोडवून आणायला गेले, आणि मला कळू द्यायचं नाही म्हणून पत्र्याच्या दुकानात ठेवून आले. तुम्ही बघितलेली ग्रिल दुसरी. मी विकत आणलेली."

सयाजीनं तोंडाजवळ आणलेला चहा खाली ठेवला. बजाबाई सुनेकडं बघत राहिली.

"त्याला ठावं हुतं? तूच दिलीस ते?"

"व्हय."

"आन् तरी सोडवून आणली."

"व्हय."

"मग झालं की," बजाबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून लसूण सोलायला बसली.

पाच तास लागले. एवढा वेळ मटणाकडं नुसतं बघत बसायची ह्या घरात कुणालाच सवय नव्हती. सयाजी दर पंधरा मिनिटांनी झाकणाला हात घालायचा आणि वैष्णवी त्याला 'भावजी' एवढंच म्हणायची. दोनच्या सुमाराला झाकण उघडलं. मटण तांबूस काळं झालं होतं आणि सुरीनं सहज सुटत होतं. काही तुकडे जरा चिवटच राहिले होते, पण ते कुणी बोललं नाही. बजाबाईनं पहिला घास कठड्यावर ठेवला. गल्लीतला कावळा लगेच आला, काही वचनबिचन न मागता तो घेऊन गेला.

"लई भारी," सयाजी म्हणाला. तो पानावर खाली वाकला. बजाबाई हळूहळू चावत होती आणि तिचे डोळे वाहत होते. वैष्णवीनं दोन तुकडे खाल्ले. मटण होतं, एवढं तिला कळलं. मग तिनं हात धुतले आणि दोरीकडं गेली.

शर्ट कडकडीत वाळले होते. तिनं पहिला काढला आणि नाकाशी धरला. साबणाचा वास होता आणि उन्हाचा. धुराचा नव्हता. दुसरा काढला. कॉलर हुंगली, मग बाही. नव्हता. कारखान्यातला माणूस खूश होईल असे शर्ट होते. तिसरा. चौथा. आता ती घाईनं काढू लागली. चिमटे खाली पडत होते. खिशात नाक घालून हुंगलं, काखेची शिवण उलटून हुंगली, काजांपाशी हुंगलं. एखाद्या तरी शर्टाला लागला असेल. पाच तास शेगडी पेटली होती, एवढासा तरी इकडं वळला असेल. महिनाभरात तिला कशाचीच इच्छा झाली नव्हती, आणि आता तिला फक्त तो एक वास हवा होता. जो तिनं चार डझन शर्टांतून चोळून चोळून काढला होता, तोच.

चोविसावा शर्ट तिनं काढला. तोही स्वच्छ होता.

"एवढं नीट कशाला केलंत हो?" ती मोठ्यानं म्हणाली. मग तो शर्ट तोंडावर दाबून ती तिथंच, दोरीखाली, मटकन बसली आणि रडायला लागली. महिनाभराचं सगळं एकदम आलं. खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर येऊन वर बघू लागली.

सयाजी खरकट्या हातानंच उठायला लागला. बजाबाईनं त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली. "तिचं आज आलंय. जेव तू."